सावरखिंडीतला दगड

ए परसू, ते ग्रीसचं डबडं ठेव खाली. हात पूस आणि हितं बस. तुमी बी या रं सगळे. गाड्या धुवून झाल्या, बंपरला रंग लागला, स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस झालं. उद्या खंडेनवमी. पाने, जॅक, टामी, सगळं मांडून हळदकुंकू वाहायचं. म्हंजे आज रातीला कुणाला कुठं जायचं न्हाई. डायवर माणूस वर्षातनं दोन-चार राती गावात सापडतो, त्यातली ही एक. मंग ऐका.

ह्यो परसू मगाशी काय म्हणला, ऐकलं का कुणी? म्हणला, उद्या पूजा झाली की सांच्याला मोकळी गाडी घेऊन निघतो, सावरखिंडीच्या जुन्या घाटानं. तीस किलोमीटर वाचत्यात म्हणं. वाचत्यात रं बाबा! ह्या हिरामणला काय ठाऊक न्हाई व्हय? मी बी तीस किलोमीटरच वाचवाय गेलो व्हतो. ऐक आता. ऐकून झाल्यावर बी तुला जायचं असंल तर जा. मी काय गाडीपुढं आडवा पडणार न्हाई.

अठ्ठावीस वर्सं झाली. माझी पहिली गाडी. सहा चाकी. दुसऱ्याच्या गाड्या हाणून हाणून बारा वर्सांनी स्वतःची घेतली, आणि गाडीची पहिलीच खंडेनवमी. जोडीला हरिबा. हरिबा म्हंजे तुमच्या काकीचा भाऊ. एकुलता एक. चार बहिणींच्या पाठीवर झालेला. डायवर मातूर पक्का! माझ्यापेक्षा हात साफ. लग्न होऊन आठ म्हैने झालेले, बायको माहेरी, पोटुशी. निघताना तुमची काकी गाडीच्या दाराशी उभी राहून म्हणली, "अवो, माझा भाऊ तुमच्या जिवावर धाडतीया. जसा नेताय तसा आणा." मी हसलो. म्हणलं, तुझा भाऊ काय काचेचा हाय काय?

हसलो मी. ध्यानात ठेवा.

तर कांदा भरून गेलो, कांदा उतरवला, परतीला माल मिळंना. दोन दिस वाट बघितली. हरिबा म्हणला, "दाजी, पूजा चुकंल. मोकळीच हाणू." निघालो. आता डायवरची मोकळी गाडी म्हंजे शाळा सुटलेलं पोर, काय इचारू नका! गाणी म्हणत, एकामेकाला शिव्या देत घाटाच्या पायथ्याला आलो तवा दिवस बुडालेला. तिथं माळावर गाडी लावली. आंघोळ केली, डबक्यावर कापडं पिळली. स्टोव्ह पेटवला. हरिबानं पिठलं टाकलं. असं पिठलं करायचा, तुमची काकी बी लाजंल. गाडीच्या आडोशाला दोन घास खावं, पाय लांब करावं, डायवरला ह्याच्यापरीस सुख कुठलं?

शेजारी एक पंक्चरवाला बसायचा. म्हातारा. एक डोळा गेलेला. त्यानं इचारलं, "कुठनं जाणार?" मी म्हणलं, जुन्या घाटानं. सकाळी पूजेला घरी पोचायचं हाय. म्हातारा गाडीकडं बघून म्हणला, "मोकळी दिसतीया."

"व्हय, मोकळी."

"मंग नका जाऊ. भरलेली असती तर गेला असता. मोकळ्या गाडीत जागा असती."

ऐकलं का? मोकळ्या गाडीत जागा असती म्हणला! हरिबा खदाखदा हसला. म्हणला, "बाबा, तुला बसायचं असंल तर बस की, भाडं घेत न्हाई." म्हातारा काय हसला न्हाई. उठून आत गेला आणि कवाड लावलं.

आता परसू, तुला ठाऊक हाय. निघायच्या आधी डायवर काय करतो? टामी, म्हंजे आपला लोखंडी दांडा, घेतो आणि चाकं वाजवतो. मागच्या जोडचाकात आतलं बसलं तर डोळ्याला दिसत न्हाई, कानाला कळतं. हवा भरलेली असली की ठण्ण, बसलेलं असलं की भद्द. मी केबिनमधी बसलेलो, हरिबा वाजवत फिरला. ठण्ण. ठण्ण. मी आपला मनात मोजतोय. सवय असती. तीन, चार, पाच, सहा. आणि मंग सातवं.

भद्द.

मी वरनं हाक दिली, "हरिबा, कुठलं रं बसलं?" हरिबा दाराशी आला. म्हणला, "सगळी झक्कास हायत, दाजी."

"मंग ते सातवं काय वाजवलंस?"

"सातवं? सहाच वाजवली की."

टामी त्याच्या हातात. तो माझ्या म्होरं उभा. आणि मागनं परत आला आवाज. भद्द. सावकाश. कुणीतरी मन लावून वाजवतंय असा.

उतरून बघितलं. कुणी न्हाई. हरिबा म्हणला दगड पडला असंल. मी बी म्हणलं, असंल. माणसाला जायचं असलं की सगळंच पटतं. निघालो.

पहिली तीन वळणं गेली. चांगली गेली. चौथ्या वळणाला उजेडात एक माणूस दिसला. रस्त्याच्या कडंला, दगडावर बसलेला. तोंडात बिडी. अंगात खाकी शर्ट, आपल्या लोकांसारखा. हात वर केला त्यानं. हरिबा म्हणला, "दाजी, थांबवा. डायवर दिसतोय कुणीतरी." आता आपल्यात कायदाच हाय. रस्त्यात डायवरनं हात केला तर थांबायचं. आज तो, उद्या आपण. मी ब्रेक लावला. गाडी थांबली. बघतो तर दगड हाय, माणूस न्हाई. दोघं बी काचेतनं बघतोय. बिडीचा वास मातूर आत येतोय. आणि तेवढ्यात गाडी मागनं बसली रं! अशी, एक इतभर. पाटे करकरले. हौद्यात कुणी चढलं की बसती ना, तशी. पण एका माणसानं ट्रक कवा बसतो व्हय? धा टन पडल्यावाणी बसली!

म्या इचार केला न्हाई, गिअर टाकला. आणि गाडी वढंना! पहिल्यात टाकली. मोकळी गाडी, पहिला गिअर, आणि इंजिन रडतंय. भरलेल्या कांद्याला एवढी रडली न्हवती. हरिबानं मागच्या झरोक्यातनं हौद्यात बॅटरी मारली. मी इचारलं, काय हाय? म्हणला, "काय न्हाई." पण त्यानं झरोक्याची फळी लावून घेतली आणि माझ्या अंगाला चिकटून बसला. सव्वीस वर्सांचा गडी. लेकरावाणी चिकटला.

"दाजी, मागं वळून बघू नका," एवढंच म्हणला.

मी बघितलं न्हाई. शेवटची चढण. खिंड दिसाय लागली. आणि फाट्‌दिशी आवाज झाला. बंदूक उडाल्यागत. गाडी उजवीकडं कलली. पाटा तुटला! उजव्या बाजूचा, मागला. आता सांगा मला, मोकळ्या गाडीचा पाटा तुटलेला कुणी बघितलाय काय? तू बघितलाय का, परसू? न्हाई ना? म्या बी त्याच्या आधी न्हाई, त्याच्यानंतर बी न्हाई.

जागा कसली म्हणाल तर डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला दरी, आणि उतार असा की लिंबू ठेवलं तर घरंगळत खाली गावात जाईल. हँडब्रेक माझा नावाचाच. हरिबानं उडी टाकली आणि पहिलं काम केलं, मागच्या दोन्ही बाजूंच्या चाकांमागं दोन मोठाले दगड लावले. घमेल्याएवढाले. मंग फांद्या तोडून रस्त्यात टाकल्या. मंग जॅक काढला. भीती मनात, पण हात आपलं काम करत व्हते. त्या कामानंच जरा जीव थाऱ्यावर आला. गाडी उचलायची, तुटक्या पाट्याखाली लाकडाचा ठोकळा घालायचा, साखळीनं आवळायचं आणि रखडत रखडत घर गाठायचं.

हरिबा खाली शिरला. पाय तेवढं बाहेर. मी वर. बॅटरी मिणमिणती, कवा लागती कवा न्हाई. शेवटी गेलीच. मंग अंधारातच काम. खालनं हात यायचा. "दाजी, पाना." मी पाना द्यायचो. "हा न्हाई, मोठा." मोठा द्यायचो. आपलं काम असंच असतं. गाडीखालनं हात आला की आपण तोंड बघत न्हाई, हातात पाना ठेवतो. एकदा, दोनदा, पाच-सात बार दिला. मंग खालनं आवाज आला, "दाजी, आता ठोकळा आणा."

ठोकळा म्होरच्या पेटीत, केबिनखाली. मी चाचपडत म्होरं गेलो. पेटी उघडली. वाकून ठोकळा काढला. आणि डोक्यावरनं, केबिनच्या खिडकीतनं, आवाज आला.

"दाजी, तुमी मघापासनं कुणाला पाना देताय?"

अंगावर काटा आला का? वर बघितलं. खिडकीत बिडीचं लाल टोक. त्या उजेडात हरिबाची मिशी, हरिबाचं नाक. हरिबाचाच आवाज. मी म्हणलं, "तू... तू खाली व्हतास की."

"मी कवाच वर आलो. खाली मला कुणाचातरी श्वास लागला तोंडाला. मुकाट्यानं वर येऊन बसलो. तवापासनं बघतोय, तुमी एकटेच बोलताय, एकटेच पाना देताय."

आणि तेवढ्यात मागं खडाक्‌ झालं. गाडी हादरली. आणि खालनं किंकाळी. अशी किंकाळी की डोंगरानं तीनदा परत दिली. "दाजी! जॅक सरकला! हात गेला माझा! दाजी!"

तो बी हरिबाच. वर बी हरिबा, खाली बी हरिबा.

मी पळणार तवर वरचा म्हणला, "जाऊ नका! तुमाला खाली वढायला बघतंय ते. तुमची बहीण इधवा करू नका, दाजी." माझी बहीण! ऐका हं, तुमची बहीण म्हणला. मी मेलो तर इधवा व्हणार ती हरिबाची बहीण; खरा हरिबा 'माझी बहीण' म्हणला असता. पण त्या टायमाला हे कुणाच्या ध्यानात येतं? मी मधी उभा. ना म्होरं, ना मागं. खालनं रडणं, "दाजी, जॅक लावा. दाजी, जॅक लावा." वरनं कुजबूज, "दगड काढा. दोन्ही दगड काढा, मी ब्रेकवर पाय ठेवलाय. गाडी उतारानं मागं सोडू. खालचं ते चाकाखाली चिरडंल आणि आपण सुटू."

बरोबर वाटलं मला. खोटं बोलत न्हाई, अगदी बरोबर वाटलं.

मी ठोकळा टाकला आणि मागं गेलो. डाव्या चाकामागं बसलो. दगडाला दोन्ही हात घातले, हलवला, काढला. गाडी करकरली आणि सगळा भार उजव्या दगडावर गेला. खालचा ओरडला. "दाजी, गाडी हलतीया!" मी उजव्या बाजूला गेलो. दुसऱ्या दगडाला हात घातला. हात घातला, आणि थांबला.

का थांबला? तर माझे उस्ताद व्हते, अमीनभाई. त्यांच्याजवळ गाडी शिकलो. शिकत असताना एकदा मी, उस्ताद खाली असताना, काम झालं असंल म्हणून दगडाला नुसता पाय लावला. त्यांनी बाहेर येऊन असा कानाखाली आवाज काढला की आठ दिस गाल सुजला. म्हणले, "गाडीखालचा माणूस बाहेर येऊन तोंड दाखवत नाही, तवर दगडाला शिवायचं नाही. मग आकाशातून कुणी उतरून सांगितलं तरी नाही." त्या माराची आठवण हाताला व्हती. डोक्याला न्हवती हो, डोकं तर कवाच गेलेलं. हाताला व्हती.

मी काढलेला दगड परत डाव्या चाकाला ढकलला. उजव्या दगडाला पाठ लावली, टाचा डांबरात रोवल्या, आणि बसलो. गाडी आली असती तर पहिला मीच गेलो असतो. ओरडून म्हणलं, "जो खरा हरिबा असंल त्यानं म्होरं येऊन तोंड दाखवावं! तवर दगड हलणार न्हाई!"

खालचा म्हणला, "कसा येऊ दाजी, हात अडकलाय."

वरचा म्हणला, "कसा येऊ दाजी, उतरलो की ते धरंल."

दोघांचं बी बरोबर. मंग काय करणार? बसलो.

आणि मंग सुरू झालं. ऐका. आधी वरनं नुसतं गोड बोलणं. मंग हॉर्न वाजाय लागला. आपोआप. पॉं पॉं, थांबायचंच नाव न्हाई. मंग इंजिन चालू झालं. चावी माझ्या खिशात, आणि इंजिन चालू! गाडी मागं रेटा द्याय लागली. पाठीला दगड रुतला, कातडं सोललं. मंग केबिनमधनं तुमच्या काकीचा आवाज आला. "अवो, काढा की तो दगड. माझा भाऊ वर हाय, मी बी वर हाय." तो आवाज ऐकून मी रडलो. लेकरागत रडलो. मंग हौद्यात पाय वाजाय लागले. एकाचे न्हाई, धा-पंधरा जणांचे. मागच्या फळकुटापातूर यायचे, थांबायचे. माझ्या डोक्यावर वाकून बघत असतील. मी मान खाली घातली ती वर केलीच न्हाई. बिडीचा वास सारखा. रातभर एकच बिडी, इझायची न्हाई, सरायची न्हाई.

आणि खालनं?

खालनं हात आला. रेट्यानं मी तिरका झालेलो, एक पाय गाडीखाली गेलेला; अंधारात सरपटत आला आणि तोच पाय धरला. गारढोण हात. बर्फ. मी काय केलं, ठाऊक हाय? लाथ मारली. पायानं ठोसरला त्याला. परत आला, परत मारली. "दाजी, जॅक." परत मारली. मी तोंडानं देवाचं नाव घेत व्हतो आणि पायानं लाथा मारत व्हतो. तिसऱ्या-चौथ्या लाथंला हात गेला. मंग नुसता आवाज. "दाजी, जॅक लावा." मंग "दाजी, पाणी." मंग नुसतं "दाजी." मंग पहाटंच्या सुमाराला ते बी न्हाई.

मला बरं वाटलं. खरं सांगतो, बरं वाटलं मला. म्हणलं, एक तर गप झालं.

तांबडं फुटलं. खिंडीतनं मेंढरांचा आवाज आला. धनगर व्हते, चौघंपाचजण, चारायला निघालेले. मेंढरं दिसली तसं इंजिन बंद. हॉर्न बंद. पाठीवरचा रेटा गेला. मी उठायला बघितलं तर उठता येईना, त्यांनीच उठवलं. मी पहिलं म्हणलं, "केबिनमधी माझा मेहुणा हाय, त्याला उतरवा." एकजण चढला, दार उघडलं. म्हणला, "हितं कुणी न्हाई."

कुणी न्हाई. एक बिडी बी पडलेली न्हाई.

मंग म्हातारा धनगर वाकला. गाडीखाली बघितलं. आणि माझ्याकडं बघून म्हणला, "आरं, हितं माणूस हाय की रं."

जॅक लावला. चौघांनी मिळून काढला. हरिबा. खरा हरिबा. उजवा हात एक्सल आणि पाट्याच्या मधी, कोपरापातूर काळानिळा. तोंडावर, खांद्यावर माझ्या चपलेचे वळ. जीव व्हता. जरासा व्हता. घोंगडीत घालून त्यांनी खाली आणला, तालुक्याला नेला. जीव वाचला. हात न्हाई वाचला. कोपरावरनं काढला.

दवाखान्याच्या वट्यावर तो म्हातारा धनगर माझ्यासंगं बसला व्हता. त्यानं सांगितलं. लई वर्सांमागं त्याच जागी दोघं डायवर थांबलेले. एक खाली, एक वर. खालच्यानं काहीतरी सांगितलं, वरच्याला वाटलं झालं काम, त्यानं दगड काढला. खालचा तिथंच गेला. वरचा रातभर केबिनमधी बिड्या फुकत बसला आणि सकाळी त्यानं दरीत उडी टाकली. म्हातारा म्हणला, "जो चाकाखाली गेला तो कुणाला तरास देत न्हाई. तो बिचारा सुटला. ज्यानं दगड काढला त्योच फिरतोय. त्याला एकट्याला ते पाप पेलवत न्हाई. दुसऱ्या कुणीतरी काढावा, म्हंजे जोडीदार मिळंल, म्हणून बसलेला असतो."

मी म्हणलं, मी न्हाई काढला. म्हातारा म्हणला, "व्हय, म्हणून जित्ता हायस. तो बी आन् तू बी."

लोक म्हणत्यात, हिरामण वाचला, मेहुण्याला बी वाचवलं. हरिबा सोताच सगळ्यांना सांगतो, "दाजींनी दगड धरून ठेवला म्हणून मी हाय." आता गावात त्याचं चहाचं दुकान हाय, धाकटा पोरगा कॉलेजात हाय. एका हातानं पिठलं करतो, आजून तसंच.

पण तुमी डायवर हाय, तुमाला सांगतो. दवाखान्याच्या त्या वट्यावर मला एक गोष्ट उमगली. रातभर वरचा एकच मागत व्हता, दगड काढ, दगड काढ. आणि खालचा एकच मागत व्हता, जॅक लाव. आरं, गाडीखाली पडलेला कुठला डायवर दगड काढ म्हणंल? खालच्यानं एकदाबी दगडाचं नाव काढलं न्हाई. जॅक माझ्यापासनं दोन हातावर पडला व्हता. मी बारा वर्सं गाडी हाकलेला माणूस. मला कळाय पायजे व्हतं. वाकून बघायचं तेवढं व्हतं. भुताच्या तोंडाकडं बघितलं तर मरतो म्हणून वाकलो न्हाई. वाकलो असतो तर हात राहिला असता त्याचा.

तुमची काकी दवाखान्यात आली. रडली न्हाई, वरडली न्हाई. भावाच्या उशाला बसली. त्याच्या खांद्यावरचे वळ पदरानं पुसाय लागली. वळ पुसून जात्यात व्हय? मंग माझ्याकडं न बघता एवढंच इचारलं.

"तुमाला ऐकू येत व्हतं का?"

मी म्हणलं, व्हय.

त्याच्यावर अठ्ठावीस वर्सांत ती एक शब्द बोलली न्हाई. सगळं करती माझं, जेवाय वाढती, आजारपणात पाय चेपती. पण दर भाऊबीजेला एकटी जाती. मी फाट्यापातूर सोडतो आणि तिथंच गाडीत बसून राहतो. हरिबा सांगावा धाडतो, दाजींना आत बोलवा. मी जात न्हाई. ओवाळताना त्यो बाहीचा रिकामा भाग हलतो, ते मला बघवत न्हाई.

झालं, एवढीच गोष्ट.

परसू, मोठ्या रस्त्यानं जा. तीस किलोमीटर जास्त पडंल, दोन तास जास्त लागतील, लागू दे. त्या खिंडीत आपलाच माणूस आपल्याला हाक मारतो आणि आपण त्याला लाथा घालतो. जाऊ नको त्या वाटंनं, बाळा. मी तुझ्या पाया पडतो, जाऊ नको.